मासेर शफीकाचं अर्धं राहिलेलं व्रत

शफीकाला शुद्ध आली तेव्हा बायका झगरूता काढत होत्या. लग्नात नवरी दाराशी आली की जीभ लवलववत बायका जो लांबलचक आनंदाचा सूर काढतात, तो. आमच्या कोम नखला गावचं चर्च बेताचंच, छत बुटकं, त्यात साऱ्या बायकांनी एकदम सूर लावला की कानठळ्या बसतात. ती वेदीसमोर फरशीवर आडवी होती, अंगावर काळी चादर होती, तोंडात रक्ताची चव होती आणि जीभ कडेनं चावली गेली होती. काय झालं असणार ते तिला लगेच कळलं. फेफरं येऊन गेल्यावर लोक आनंद कसला करताहेत, ते मात्र काही केल्या कळेना.

या आजाराला आमच्याकडे आजार म्हणत नाहीत. अशा मुलीला ‘मलबूसा’ म्हणतात, म्हणजे अंगावर चढवलेली. आपण सकाळी उठून सदरा चढवतो तसा जिन तिला चढवतो, हवा तेवढा वेळ मिरवतो आणि काढून टाकतो, असा लोकांचा पक्का समज आहे. आणि गंमत बघा, मुलगी मठात गेली आणि तिला झगा मिळाला की त्या सोहळ्यालाही ‘लिब्स’ म्हणतात, चढवणं. एकाच घरातले दोन शब्द. एकीच्या हाताचं लोक चुंबन घेतात आणि दुसरीला गच्चीवरच्या खोलीत कोंडून वर कुलूप घालतात. शफीकाच्या नशिबी दोन्ही शब्द एकाच वेळी आले होते, आणि त्यातला एक तिनं आयुष्यभर लपवला होता.

पहिल्यांदा ती पडली ती बरसीमच्या शेतात, म्हशीला चारा कापताना. कोवळं वय होतं. आईनं तिला उचलून कालव्याच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि बांधावरच्या बायकांना सांगितलं, "ऊन लागलं पोरीला." घरी आल्यावर दार लावून म्हणाली, "हे बघ, कुणी विचारलं तर भोवळ म्हणायचं. भोवळ बड्या घरच्या पोरींनाही येते, उलट त्यांनाच जास्त येते. दुसरा शब्द तोंडातून काढलास तर तुझं तोंडच दिसायचं नाही कुणाला." आई वाईट नव्हती. घाबरलेली होती. आमच्या गावात घाबरलेली माणसं जेवढा दुष्टपणा करतात, तेवढा खरी दुष्ट माणसंही करत नाहीत.

मठात जायचं शफीकाच्या मनानं घेतलं त्यामागे हे दुखणं नव्हतं. नवरा मिळणार नाही म्हणून गेली असं लोक पुढे म्हणाले, पण लोकांना काय, जीभ आहे म्हणून चालवायची. खरी गोष्ट अशी की मठाच्या दवाखान्यात मदर तक्ला पोरांचे चिकटलेले डोळे धुवायच्या आणि शफीका लहानपणापासून त्यांना कोमट पाणी नेऊन द्यायची. तिला ते काम आवडायचं. डोळा उघडला की पोर पहिल्यांदा समोरच्या माणसाकडे बघतं, आणि ते माणूस आपण असावं असं तिला वाटायचं. एवढंच.

मदर तक्ला थोराड हाडापेराच्या, आवाजानं पुरुषी, स्वभावानं शेतातल्या मुकादमासारख्या. मठात येण्याआधी शफीकानं त्यांना सगळं सांगून टाकलं. आईला न विचारता सांगितलं.

"किती वेळा येतं?" मदरनी विचारलं.

"वर्षातून दोनतीनदा."

"आधी कळतं का?"

"जळलेल्या दुधाचा वास येतो. दूध कुठेच नसतं, पण वास येतो."

नियम मदरना पाठ होता. फेफरं येणाऱ्या मुलीला जन्मभराचं व्रत घेता येत नाही, आणि आमचे बिशप, म्हणजे सय्यदना, नियमाच्या बाबतीत सुईच्या नेढ्याएवढीही सूट न देणारे. "मग वास आला की पिठाच्या खोलीत जाऊन आडवी हो," मदर म्हणाल्या. "आणि तोंड मिटून ठेव. तू मला काही सांगितलं नाहीस आणि मी काही ऐकलं नाही. मला दवाखान्यात हात हवेत, आणि तुझे हात चांगले आहेत."

शहरातल्या डॉक्टरकडून मदरनी गोळ्या आणल्या. सकाळच्या प्रार्थनेनंतर चहाबरोबर एक गोळी शफीकाच्या तळहातावर ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. वर्षं अशी गेली. फेफरं कमी कमी होत थांबलं. शफीका गावातली मासेर झाली. आमच्याकडे सिस्टरला मासेर म्हणतात. ती इंजेक्शन इतकं हळू द्यायची की म्हातारे मुद्दाम आजारी पडतात अशी चेष्टा व्हायची. घरोघर जायची, चहा प्यायची, सासवासुनांची भांडणं ऐकायची. कुणाला कसली शंका आली नाही. तिला स्वतःलाही वाटायला लागलं होतं की ते सगळं मागे राहिलं.

आणि मग जन्मभराच्या व्रताचा दिवस ठरला. इथेच तिनं घोळ घातला, आणि तो घोळ आमच्या लोकांनीच घालावा असा होता. कुर्बान, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायच्या आधी आमच्याकडे तोंडात काही घालत नाहीत. शहाणे अबूना, म्हणजे पाद्री, सांगून दमले की पाण्यानं उपास मोडत नाही, औषधानं तर नाहीच, पण ऐकतो कोण. आमच्या बायका तोंड धुतानाही ओठ घट्ट मिटून घेतात, न जाणो थेंब आत गेला तर. व्रताआधीचा आठवडा शफीका मौनात होती, कुणाशी बोलत नव्हती, आणि तिनं मनाशी ठरवलं की देवापुढे जायचं ते निर्जळी जायचं. गोळी काय, गोळीही पोटातच जाते. शिवाय एवढी वर्षं ज्यानं सांभाळलं तो एक आठवडा सांभाळणार नाही का. चहाही नाही आणि गोळीही नाही. मदर पाहुण्यांच्या गाद्या आणि भाकरीचं पीठ यांत गुंतलेल्या. त्यांना वाटलं, पोरीला आता काय हातावर ठेवून द्यायचं, घेत असेल आपली आपण.

व्रताच्या वेळी मुलगी वेदीसमोर पालथी पडते. तिच्या अंगावर प्रेतावर घालायची काळी चादर घालतात, आणि संतांची नावं एकेक करून गातात. जगासाठी ती मेली, असा त्याचा अर्थ. नावं संपली की ती उठते आणि स्वतःच्या तोंडानं व्रत म्हणते. मधेच उठली तर तिनं नकार दिला असं धरतात, आणि मग परत विचारणा नाही.

चादरीखाली उकाडा होता. झांजा वाजत होत्या, धुपाचा वास होता, नावं चालली होती. आणि त्या धुपातून जळलेल्या दुधाचा वास आला. शफीकाला आधी वाटलं, बाहेर स्वयंपाकात दूध उतू गेलं. मग तिला कळलं. उठावं तर नकार, न उठावं तर सगळ्या गावासमोर. ती विचारच करत राहिली, आणि तेवढ्यात शरीर तिच्या हातचं गेलं. ऐकू मात्र येत होतं. चादर हलायला लागली तशी पुढच्या रांगेतल्या बाया कुजबुजल्या, आणि उम्म रिझ्कचा, म्हणजे रिझ्कच्या आईचा, ओळखीचा, फाटका आवाज स्पष्ट आला, "अगं बाई, ही तर मलबू..." पुढचं तिला ऐकू आलं नाही.

आणि आता हा झगरूता.

कुणीतरी तिच्या कानाशी वाकलं. मदर तक्ला. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता.

"पडून राहा," त्या पुटपुटल्या. "मी सुरू केलंय हे. ती बया तो शब्द बोलणार होती, तिच्या आधी मी तोंड उघडलं. आता लोकांना वाटतंय पवित्र आत्मा उतरला. वाटू दे. नावं संपली की उठ, तोंड पूस, व्रत म्हण आणि मोकळी हो. नंतरचं मी बघते."

शफीका हबकली. पन्नाशी उलटलेली, आयुष्यात कुणाच्या लग्नातही कधी झगरूता न काढलेली ही बाई वेदीसमोर, सय्यदनांसमोर, खोटा आनंद करून बसली होती, आणि तोही तिच्यासाठी. तिनं मान वर केली. सय्यदनांचे डोळे भरून आले होते. अबूना बिशाई छातीवर क्रूस काढत होते. म्हाताऱ्या पुढे सरकून चादरीचा दोरा ओढत होत्या, घरी नेऊन मुलांच्या उशाखाली ठेवायला. मागे कुणीतरी रडत होतं. "आपल्या गावच्या पोरीच्या अंगात आलं," बायका एकमेकींना सांगत होत्या, "आपल्या कोम नखलाच्या."

नावं संपत आली होती. चारदोन संत उरले असतील. तेवढ्यात दारातून गलका झाला आणि उम्म रिझ्क आत आली. मघाशी ती कधी बाहेर सटकली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिचं घर चर्चला लागून. गावातली सगळ्यांत तोंडाळ बाई, कबुतरं पाळायची आणि बातम्याही. आता तिच्या खांद्याला गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी टेकलेलं होतं, आणि ते काहीतरी चालत होतं.

वेदीच्या पायरीशी आणून तिनं गोधडी काढली. आत एक मुलगी होती. डोकं बोडकं केलेलं, उजेडानं डोळे मिटलेले, मनगटावर दोरीचे काळे वळ. चर्चमध्ये एकदम शांतता झाली. कारण ती उम्म रिझ्कची मुलगी एस्तेर होती, आणि एस्तेर कैरोला होती. मामाकडे. शिवणकाम शिकायला. उम्म रिझ्क स्वतःच तर सांगायची, "माझ्या एस्तेरनं टाचांचे बूट घेतले", "माझ्या एस्तेरला मामानं पंखा घेऊन दिला". गेल्याच महिन्यात शफीकानं तिच्याच ओसरीवर बसून चहा पिताना ते बूट कसल्या रंगाचे ते ऐकलं होतं. तांबडे म्हणाली होती.

"मासेर," उम्म रिझ्क म्हणाली, आणि तिचा आवाज आज फाटका नव्हता. "हात ठेव हिच्यावर. तुझ्या अंगात आत्मा ताजा आहे अजून. हिच्यातला निघून जाईल. मार गिरगिस संताच्या जत्रेला नेलं, शेखकडे नेलं, कुणाकुणाकडे नेलं. कुणाचं ऐकत नाही तो. तुझं ऐकेल."

सय्यदनांनी नावं थांबवून शफीकाला उठून बसायला मानेनंच परवानगी दिली. मदर शफीकाला उठवून बसवत पुटपुटल्या, "ठेव हात. डोक्यावर हात ठेवायला काय जातंय."

शफीकानं एस्तेरकडे बघितलं. मुलीचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि जिभेच्या कडेला जुने, बरे झालेले, परत फाटलेले व्रण होते. शफीकाची स्वतःची जीभ त्याच जागी ठणकत होती. हात ठेवला तर आज झगरूते होतील. मग आठवड्यानं, महिन्यानं, ही मुलगी परत पडेल. तेव्हा उम्म रिझ्क म्हणेल, हिच्यातला जिन पवित्र आत्म्यालाही भारी आहे. आणि मग नुसती दोरी पुरणार नाही. आणि हात नाही ठेवला तर? तर व्रत गेलं. शफीकाला दुसरं काहीही नको होतं आयुष्यात. हे एवढं एकच मागितलं होतं तिनं, आणि ते चार नावांवर आलं होतं.

"मावशी," ती म्हणाली. जीभ सुजल्यामुळे शब्द बोबडे येत होते. "माझ्या अंगात कुणी आलं नव्हतं. मला फेफरं येतं. लहानपणापासून. हिला आहे तेच. आत्मा नाही आणि जिनही नाही. दुखणं आहे."

उम्म रिझ्क तिच्याकडे बघतच राहिली. "तुझं डोकं अजून ठिकाणावर नाही. नको बोलूस तू."

"जीभ बघ माझी." आणि वेदीच्या पायरीवर, सय्यदनांसमोर, सगळ्या गावासमोर मासेर शफीकानं जीभ बाहेर काढून दाखवली. रक्त हनुवटीवर ओघळलं. "आता हिची बघ."

उम्म रिझ्कनं बघितली नाही. तिला बघायची गरज नव्हती. ती रोज बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला, मग काळानिळा. "मी माझी पोर चारचौघांत उघडी केली," ती म्हणाली. "तुझ्या भरवशावर. एवढी वर्षं झाकून ठेवली, कुणाला वास लागू दिला नाही, आणि आज... आता हिच्याशी कोण लग्न करणार? हिच्या भावाशी, माझ्या रिझ्कशी कोण करणार? सांग ना. आता का गप्प झालीस?"

खरं बोलल्यावर काय होईल ते शफीकानं स्वतःपुरतं मोजलं होतं, पण उम्म रिझ्कचं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिला भीती वाटली ती तेव्हा. उम्म रिझ्कनं गोधडी मुलीच्या डोक्यावरून घेतली आणि तिला ओढत नेलं. एस्तेर जाताना मागे वळून बघत होती.

"मदर," सय्यदनांचा आवाज आला. फार हळू बोलले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि तो झगरूता?"

"तोही माझाच," मदर तक्ला म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली नाही.

सय्यदनांनी पुस्तक मिटलं. उरलेले संत तसेच राहिले. "व्रत होणार नाही," ते म्हणाले आणि आत निघून गेले. लोकही उठले. मघाशी ज्या म्हाताऱ्यांनी चादरीचे दोरे घेतले होते, त्यांनी जाता जाता ते फरशीवर टाकले. एकीनं नाही टाकला. उगाच कशाला वाया घालवा, म्हणाली.

मदर तक्लांची मदरकी गेली. त्यांना नदीपलीकडच्या मठात पाठवलं, स्वयंपाकघरात. जाताना त्यांनी शफीकाला गोळ्यांची डबी दिली आणि एवढंच म्हणाल्या, "आता कुणी समोर उभं राहणार नाही. आपली आपण घ्यायची. उपास असला तरी." शफीका त्यांच्या गळ्यात पडली. मदर तिला थोपटायच्या ऐवजी तिच्या खांद्यावरचा पिठाचा डाग झटकत राहिल्या.

सय्यदनांनी निरोप पाठवला की निर्णय होईपर्यंत शफीकानं दवाखाना सांभाळावा. तिनं सांभाळला, पण आत यायला कुणी नव्हतं. इंजेक्शनची वेळ झाली की लोक बस पकडून शहरात जायचे. चर्चमध्ये ती बसली की शेजारची बाई पदराची कड सावरून सरकायची. रात्री तिला तेच तेच आठवायचं: उम्म रिझ्कचा तो प्रश्न, आणि आपण गप्प होतो ते.

आणि मग एका दुपारी मागच्या दारावर थाप पडली. उम्म रिझ्क उभी होती, तोंडाला काळं फडकं गुंडाळून, जणू तो फाटका आवाज कुणी ओळखणारच नव्हतं.

"तुझ्याशी बोलायचं नाही मला," ती म्हणाली.

"नको बोलूस, मावशी. आत ये."

"आत यायचं नाही मला. ती गोळी कुठली ते सांग."

शफीकानं गोळी आणून दिली, पोरीला शहरातल्या डॉक्टरकडे न्यायचं सांगितलं, तारीख ठरवून दिली, बरोबर येते म्हणाली. उम्म रिझ्कनं सगळं ऐकून घेतलं, शिवी दिली आणि गेली. पण डॉक्टरकडे आली. एस्तेर दोघींच्या मधे बसली होती. बसच्या खिडकीतून ती उसाचे मळे, गाढवं, पाण्याचे पंप असं सगळं बघत होती आणि आई तिला सारखी आत ओढत होती, पडशील म्हणून.

त्यानंतर मागच्या दारावर थापा पडतच राहिल्या. शिंप्याची बायको आली. मग गिरणीवाल्याची सून. मग वरच्या आळीची एक म्हातारी, जिच्या नातीचं म्हणे कैरोला लग्न झालं होतं. प्रत्येकीची मुलगी कैरोला होती. शफीका सुन्न झाली. अर्धं कैरो आमच्या गावातच राहत होतं, गच्चीवर, कबुतरांच्या शेजारी, कुलपाआड. याच घरांत ती वर्षानुवर्षं गेली होती. याच छतांखाली बसून चहा प्यायली होती, नाडी बघितली होती, हसली होती. वर कुणीतरी पाय ओढत चालल्याचा आवाज तिनं ऐकला असेल, आणि कबुतरं असतील असं समजून साखर ढवळली असेल. आपलं दुखणं लपवण्याच्या नादात तिला दुसऱ्या कुणाचं दिसलंच नव्हतं. हे कळल्यावर ती पिठाच्या खोलीत जाऊन रडली. फेफरं आलं नव्हतं, तरी दार लावून घेतलं.

त्या बायका तिच्याकडे का येत होत्या, ते तिला हळूहळू समजलं. शहरात डॉक्टर होते, त्यांची भीती वाटायची. अबूना होते, त्यांच्यासमोर लाज वाटायची. शफीकासमोर कसली लाज? ती तर पडताना सगळ्यांनी बघितलेली. एकदा, गोळी चालू असूनही, दवाखान्यातच, बायका बाकावर बसलेल्या असताना, तिला जळलेल्या दुधाचा वास आला. पूर्वी ती पळाली असती. त्या दिवशी ती म्हणाली, "एस्तेर, मी पडणार आहे. डोक्याखाली काहीतरी घाल आणि कुशीवर वळव. तोंडात काही कोंबायचं नाही. तुम्ही सगळ्या बघून घ्या, नीट बघा." आणि आडवी झाली. उठली तेव्हा एस्तेर तिचा हात धरून बसली होती आणि गिरणीवाल्याची सून म्हणत होती, "एवढंच? आम्ही तर दार लावून पळायचो, मला वाटलं घरभर काहीतरी होतं." त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याबरोबर आलेल्या सासूनं नातीच्या खोलीच्या कुलपाची किल्ली टेबलावर ठेवली.

सय्यदना आले ते ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या दिवसांत. निरोप न देता आले, पुढच्या दारानं. बाकावर मुली बसल्या होत्या, कुणी मटार सोलत होती, कुणी नुसतीच. त्या गडबडून उठायला लागल्या. सय्यदना "बसा, बसा" म्हणत त्यांच्यातच बाकाच्या टोकाला टेकले. एस्तेरनं त्यांना काळा चहा आणून दिला. त्यांनी घोट घेतला नाही.

"मी सांगायला आलोय," ते शफीकाला म्हणाले. "दवाखाना तुझ्याकडेच राहील. तू चांगलं काम करतेस. पण झगा उतरव, मुली. नियम माझा नाही. तू घरी राहून काम कर."

"हो, सय्यदना," शफीका म्हणाली. रदबदली करावी असं तिला वाटलं, पण ती मटाराची टरफलं गोळा करत राहिली.

काम झालं होतं. सय्यदना उठायला हवे होते. ते उठले नाहीत. पेल्याभोवती हात धरून बसले. मग चहाकडे बघतच त्यांनी विचारलं, "पडल्यावर ऐकू येतं का?"

"काय?"

"पडल्यावर. बाजूला लोक काय बोलतात. ते ऐकू येतं का?"

शफीकानं त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना नाही असं उत्तर हवं होतं. ते इतकं उघड दिसत होतं की कुणीही दयाळू माणसानं नाही म्हटलं असतं. तिला मदर तक्लांचा झगरूता आठवला. तोही दयेपोटीच होता.

"सुरुवातीला येतं," ती म्हणाली. "सगळं येतं. बोलता येत नाही, डोळा उघडत नाही, पण ऐकू येतं. मग अंधार होतो."

बाकावरची मटाराची शेंग फुटल्याचा आवाजही मोठा वाटला.

"माझी बहीण होती," ते म्हणाले. "नगिया. माझ्याहून मोठी. ती पडली की गल्लीतली पोरं जमून ओरडायची. तोच शब्द. मीही ओरडायचो. सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचो, मला कुणी हसू नये म्हणून. मग घरच्यांनी तिला वर ठेवलं आणि लोकांना सांगितलं, ती वारली. तिच्या नावानं प्रार्थनाही केली आम्ही. ती वर होती तेव्हा. मी व्रत घ्यायला मठात गेलो तेव्हाही ती वरच होती." त्यांनी पेला खाली ठेवला. "मला वाटायचं, तिला काही कळत नसेल."

"कळतं, सय्यदना," एस्तेर म्हणाली. ती पेला उचलायला वाकली होती. तिच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. "वरूनही सगळं ऐकू येतं. बुटांचा रंगसुद्धा."

शफीकाला वाटलं, आता हे चिडतील. सय्यदनांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा माणूस, छातीवर क्रूस, डोक्यावर काळी टोपी, आणि खांदे हलत होते. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणालाही काय करावं ते कळेना, म्हणून कुणीच काही केलं नाही.

मग ते उठले, भिंतीला हात लावून. चेहरा पुसला नाही. "तुझं व्रत अर्धं राहिलंय," ते शफीकाला म्हणाले. "रविवारी चर्चमध्ये ये. नियमाचं मी बघतो. वर कुणी जाब विचारला तर मी देईन."

ते दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. बाकावरच्या मुलींकडे एकेक करून बघितलं, जणू त्यांत कुणाचा तरी चेहरा शोधत होते.

"आणि या मुलींना मागच्या रांगेत बसवू नकोस," ते म्हणाले. "पुढे बसव. मला दिसतील अशा."